गाळ कोणाचा, रस्ता कोणाचा?

दाभोळच्या खाडीतला गाळ हा वर्तमानपत्रांच्या चर्चेचा विषय कधी झाला नाही. एन्रॉनची चर्चा झाली, विजेच्या दराची झाली, वायूच्या जहाजांची झाली, लोटेच्या रसायनांचीही अधूनमधून होते. गाळ मात्र तळाशीच राहिला. आता तो वर येण्याची चिन्हे आहेत. बंदरातून आणि खाडीतून उपसलेला गाळ समुद्रात नेऊन टाकण्याऐवजी त्यावर प्रक्रिया करावी आणि तो रस्त्याच्या बांधकामात वापरावा, हा विचार जगातल्या अनेक बंदरांत रुजला आहे. आपल्याकडे केंद्रीय बंदर मंत्रालयाने २०२३ साली 'हरित सागर' मार्गदर्शिका काढली. तीत टाकाऊ पदार्थ कमी करणे आणि त्यांचा पुन्हा वापर करणे हे बंदरांचे उद्दिष्ट म्हणून मांडले आहे. ती मोठ्या बंदरांसाठी आहे. दाभोळ हे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीतले लहान बंदर. पण वरून निघालेला विचार खाली यायला वेळ लागत नाही. खाली येताना त्यातले नियम वाटेत गळून पडतात आणि ठेका तेवढा शिल्लक राहतो, हा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे. म्हणून निविदा निघण्याच्या आधीच या विषयाची चिकित्सा झाली पाहिजे.

आधी भूगोल समजून घेऊ. सह्याद्रीतून उतरणारी वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत येते, खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि दाभोळ-अंजनवेलच्या मधून ती समुद्राला भेटते. डोंगर उभा, पाऊस मुसळधार आणि अंतर कमी. त्यामुळे माती वाहून येणे हे या नदीच्या पाचवीलाच पुजलेले आहे. त्यात जंगलतोड झाली, डोंगर फोडले गेले, महामार्गाच्या चौपदरीकरणात माती मोकळी झाली. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून पोफळीकडून याच नदीत सोडले जाते. बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे कोकणातले एक नामांकित बंदर होते. इतके की १५०८ साली पोर्तुगीजांनी ते जाळून लुटले. पुढे आगबोटी दाभोळला लागत आणि लाँचा चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जात. आज त्या वाटेवर गाळाचे बेट कुठे लागेल ते सांगता येत नाही.

गाळ काढायला हवा, यात दुमत नाही. पण तो कोणासाठी काढायचा, यावर मात्र बोलले जात नाही. या एकाच नदीवर गाळ उपसण्याची तीन वेगवेगळी कारणे आहेत. पहिले कारण पूर. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. त्यानंतर वाशिष्ठीतला आणि शिव नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये साखळी उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे यंत्रे पात्रात उतरली. जलसंपदा विभागाबरोबर नाम फाउंडेशननेही ते काम केले. दुसरे कारण वाळू. खाडीत हातपाटीने बुडी मारून वाळू काढणारा मजूर पिढ्यानपिढ्या आहे आणि त्याच्या शेजारी रात्री चालणारा सक्शन पंपही आहे. तिसरे कारण जहाज. एन्रॉनने सुरू केलेला आणि पुढे सरकारी कंपन्यांनी ताब्यात घेतलेला अंजनवेलचा प्रकल्प २०१३ पासून द्रवरूप वायूची जहाजे उतरवतो. अशा जहाजाचा तळ साधारण ११ ते १२ मीटर पाण्यात असतो. त्यासाठी खोल मार्ग खणावा लागतो, आणि खणलेला मार्ग पुन्हा भरत राहतो.

हे तीनही गाळ सारखे नाहीत, ही या विषयाची पहिली गुरुकिल्ली आहे. चिपळूणच्या वरचा गाळ म्हणजे गोटे, खडा, जाड वाळू आणि गोड्या पाण्यातली माती. खाडीच्या मुखाजवळ लाटांनी आणलेली समुद्राची वाळू. आणि या दोहोंच्या मध्ये, जिथे भरती-ओहोटी मंदावते तिथे, काळा, चिकट, खारट चिखल. मराठीत तिन्हींना आपण 'गाळ'च म्हणतो. उद्या निविदेतही एकच शब्द असेल. नमुना वरच्या स्वच्छ गाळाचा तपासायचा, अहवाल प्रयोगशाळेतून आणायचा आणि त्याच्या आधारे खालचा काळा चिखल गावात आणून ओतायचा, हे करायला फार मोठ्या हुशारीची गरज नाही.

आता तंत्राकडे वळू. गाळापासून रस्ता ही थाप नाही. खाडीच्या चिखलाचे बांध घालून खारे पाणी अडवणे आणि आत भातशेती पिकवणे हे कोकणच्या शेतकऱ्याने शतकानुशतके केले आहे. खारबंदिस्तीचा बांध घालणाऱ्या हातांना चिखल कधी भेगाळतो, कधी धरतो हे कोणत्याही अभियंत्याइतके कळत होते. ते हात कोणाचे होते आणि आतली जमीन कोणाच्या नावावर होती, हा वेगळा इतिहास आहे. आधुनिक पद्धतीत हेच काम मोजमापाने करतात. आधी चिखलातून वाळू वेगळी काढतात. उरलेल्या बारीक मातीतले पाणी दाबून किंवा उन्हात पसरून काढतात. पावसाच्या पाण्याने मीठ धुवून जाऊ देतात, कारण मीठ राहिले तर मोरीची सळई गंजते आणि सिमेंटचे काम बिघडते. मग चुना, सिमेंट किंवा फ्लाय अ‍ॅश काही टक्के मिसळून माती घट्ट करतात. भारतीय रस्ते काँग्रेसने माती आणि खडी अशी घट्ट करण्याबाबत २०१० साली मार्गदर्शिका काढलेली आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराने १९९३ पासून वाळू आणि दूषित चिखल वेगळा करणारा कारखाना चालवला. फ्रान्सच्या डंकर्क बंदराने २०१२ च्या सुमारास बंदरातलाच गाळ वापरून रस्त्याचा एक तुकडा बांधला. तो तुकडा बंदराच्या स्वतःच्या हद्दीत बांधला, एखाद्या खेड्याच्या वेशीवर नव्हे. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

याचा फायदाही मान्य केला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात रस्ता म्हटला की डोंगर फोडणे आले. मुरूम आणि खडी कुठून तरी येतेच. ज्या डोंगराच्या पायथ्याशी वाडी असते, त्या डोंगराची कूस कापली की पावसाळ्यात दरड कोणावर येते हे सांगायला नको. गाळ वापरून डोंगर वाचत असेल, समुद्रात गाळ टाकल्याने मच्छीमारांची जाळी आणि माशांच्या जागा बिघडतात ते थांबत असेल, तर आंबेडकरी चळवळीने त्याला विरोध करण्याचे कारण नाही. आपण विज्ञानवादी आहोत. विरोधासाठी विरोध हे आपले धोरण नाही.

पण विज्ञानवादी माणसाने हिशेबही करावा. ग्रामीण रस्त्याची माथ्यावरची रुंदी साडेसात मीटर आणि भरावाची उंची एक मीटर धरू. दोन्ही बाजूंना एकास दोन उतार दिला तर तळाची रुंदी साडेअकरा मीटर होते, म्हणजे सरासरी साडेनऊ मीटर. एका किलोमीटरला साडेनऊ हजार घनमीटर माल लागतो. दहा घनमीटरचा डंपर धरला तर साडेनऊशे खेपा. याउलट डांबराच्या खालचा पावणेचार मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर किलोमीटरला अवघे साडेसातशे घनमीटर. याचा अर्थ असा की गाळ मोठ्या प्रमाणावर खपवायचा असेल तर तो भरावातच खपेल. वरच्या थराची तपासणी कडक होते, कारण तो उखडला तर गाजावाजा होतो. भरावाच्या पोटात काय गेले हे कोणी पाहत नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक विनिर्देशांत दलदलीची माती, सेंद्रिय चिकणमाती आणि मर्यादेपेक्षा जास्त चिकट माती भरावाला अपात्र ठरवलेली आहे. खाडीचा कच्चा चिखल या तिन्ही कसोट्यांवर नापास होण्याचा संभव आहे. म्हणूनच 'प्रक्रिया केलेला' हा शब्द महत्त्वाचा ठरतो. सगळा व्यवहार त्या एका शब्दावर उभा आहे, आणि त्या शब्दाची व्याख्या कोण करणार याचे उत्तर आज कोणाकडे मागायचे हे ठरलेले नाही.

या चिखलात आहे तरी काय? लोटे परशुराम औद्योगिक वसाहत ही रसायनांची वसाहत. तिचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने करंबवणेच्या खाडीत सोडले जाते, म्हणजे दाभोळ खाडीच्याच पोटात. मासे मरून वर येण्याच्या घटना या खाडीच्या लोकांना नव्या नाहीत. भोई, खारवी, दालदी या समाजांनी कित्येक वर्षे निवेदने दिली आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात लोटेच्या प्रदूषणाची दखल घेतली. तो अहवाल शासनाने बाजूला ठेवला. सांडपाण्यातले जड धातू पाण्यात फार काळ राहत नाहीत. ते बारीक मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. आपल्या नदीचा तळ ही कारखान्यांची जमाखर्चाची वही आहे. पाणी वाहून जाते, नोंद राहते. आणि भरती-ओहोटीमुळे ती नोंद एकाच पानावर राहत नाही. करंबवण्याचे पाणी वरही जाते आणि खालीही.

याहून एक बारकावा आहे, जो सामान्य माणसाला सांगितला जात नाही. खारफुटीच्या आणि खाडीच्या चिखलात लोह-गंधकाचे क्षार असतात. पाण्याखाली, हवेविना, ते शांत असतात. तोच चिखल उपसून उन्हात टाकला की हवेशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि आम्लामुळे मातीला चिकटलेले धातू सुटे होतात. म्हणजे तळाशी असताना जो विषारी पदार्थ झोपलेला होता, तो वाळत घातल्यावर जागा होतो आणि पहिल्या पावसात पऱ्यातून विहिरीकडे चालू लागतो. चुना-सिमेंट मिसळल्याने काही धातू बांधले जातात, हे खरे. सगळेच जातात असे नाही. इटलीतल्या विचेंझा भागातील मिटेनी कारखान्याचे उदाहरण ताजे आहे. पीएफएएस या वर्गातल्या, निसर्गात जवळजवळ न विघटणाऱ्या रसायनांनी तिथले भूजल दूषित झाले, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन लोटे परशुराम येथे आणली गेली, यावरून २०२५ साली महाराष्ट्रात वाद उठला. त्या यंत्रांमुळे इथली खाडी दूषित झाली असा आरोप मी करत नाही. मुद्दा चाचणीचा आहे. घातक कचरा नियम २०१६ च्या दुसऱ्या अनुसूचीत जी यादी आहे, तिच्यात ही रसायने नाहीतच. जे शोधायचेच नाही, ते अहवालात 'आढळले नाही' असेच येणार.

आता कायदा. कोळशाच्या राखेसाठी केंद्र शासनाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी स्वतंत्र अधिसूचना काढली. रस्ते, विटा, भराव यांत राख वापरण्याचे बंधन घातले, मुदती दिल्या, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाईची तरतूद केली. त्या अधिसूचनांच्या अंमलबजावणीवर शंभर आक्षेप घेता येतील. पण निदान ज्याने राख केली त्याच्यावर जबाबदारी आहे, हे तत्त्व कागदावर आले. उपसलेल्या गाळासाठी अशी स्वतंत्र अधिसूचना नाही. मग इकडून तिकडून कायदे जोडावे लागतात. पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा कायदा, घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम, सागरी किनारा नियमनाची २०१९ ची अधिसूचना. या शेवटच्या अधिसूचनेने किनारा क्षेत्रात शहराचा कचरा, बांधकामाचा राडारोडा, औद्योगिक घनकचरा आणि राख टाकून भराव करण्यास मनाई केली आहे. दूषित गाळ यात बसतो की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकतात. जिथे दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो, तिथे ज्याच्याकडे मोठा वकील असतो तो जिंकतो. म्हणून स्पष्ट नियम हवा, आणि तो आधी हवा.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र तत्त्व स्पष्ट करून ठेवले आहे. १९९६ साली बिछडीच्या प्रकरणात आणि त्याच वर्षी वेल्लोरच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की प्रदूषण करणाऱ्याने केवळ पीडितांची भरपाई करून भागणार नाही, बिघडलेले पर्यावरण दुरुस्त करण्याचा खर्चही त्यानेच सोसायचा. वेल्लोरमध्ये आणखी एक गोष्ट सांगितली: कृती निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार ती करणाऱ्यावर आहे. हे दोन निकाल दाभोळच्या चिखलाला लावून पाहा. चिखलातला धातू करंबवण्याच्या भोयाने टाकलेला नाही. तो काढण्याचा, धुण्याचा, बांधून ठेवण्याचा खर्च जर जिल्हा परिषदेच्या रस्ते निधीतून गेला, तर प्रदूषणाचे बिल प्रदूषणपीडितांनीच भरले असा अर्थ होतो. रॉटरडॅम बंदरापुढे हाच प्रश्न आला होता. ऱ्हाईन नदीने आणलेला गाळ इतका दूषित, की समुद्रात टाकता येईना. त्यांनी १९८७ साली तो साठवण्यासाठी मोठा खड्डा केला. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला कोणता कारखाना काय सोडतो याचा शोध घेतला, दाव्याचा इशारा दिला आणि विसर्ग कमी करण्याचे करार करून घेतले. गाळ स्वच्छ करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तो मुळात घाण होऊ न देणे, हे त्यांना कळले. आपल्याकडे मात्र खाली रस्ता बांधायचा आणि वर नळी चालू ठेवायची, असे झाले तर तो पुनर्वापर ठरणार नाही. घाण लपवण्याची ती नवी जागा ठरेल.

यात पैसा किती आहे, याचाही विचार करू. ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या भरावासाठी वापरली जाणारी साधी मातीसुद्धा गौण खनिज ठरली. म्हणजे भरावाला वापरलेल्या गाळावर स्वामित्वधनाचा प्रश्न उभा राहतो. गाळ 'कचरा' म्हटला तर ठेकेदाराला तो उचलण्याचे पैसे मिळतात. 'माल' म्हटला तर तो विकण्याचे मिळतात. एकाच डंपरला खाडीवर कचरा म्हणायचे आणि रस्त्यावर माल म्हणायचे, म्हणजे दोन्ही टोकांना बिल. आणि मधल्या मध्ये डंपर खरोखर गेला का, हे कोण पाहणार? मुंबईत मिठी नदीच्या गाळाच्या प्रकरणात आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये १३ जणांवर गुन्हा नोंदवला. गाळ टाकण्याच्या जागांचे करार बनावट दाखवून महापालिकेचे सुमारे ६५ कोटींचे नुकसान केल्याचा त्यात आरोप आहे. मुंबईत, सर्वांच्या डोळ्यांदेखत असा आरोप होऊ शकतो, तर दाभोळच्या खाडीत रात्री कोण मोजायला बसणार आहे?

याच रत्नागिरी जिल्ह्यातली खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सरकारला ठरावीक रक्कम भरायची आणि कुळाकडून हवे तेवढे काढायचे. आज खाडीवर ठेकेदार जर त्याच जागी उभा राहत असेल, तर खोती कायद्याने गेली आणि निविदेने परत आली असे म्हणावे लागेल.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: हा रस्ता जाणार कुठे? राष्ट्रीय महामार्गावर नवा माल वापरायला सल्लागार कंपन्या, हमी, तपासण्या आड येतात. गावातल्या मुख्य रस्त्याला सरपंचापासून सर्वांचे लक्ष असते. उरतो तो वाडीचा रस्ता. कोकणातल्या अनेक गावांत बौद्धवाडी गावाच्या कडेला, उताराच्या तळाशी किंवा खाडीच्या अंगाला असते. तिथे वर्षानुवर्षे मागणी करून वस्ती विकासाच्या निधीतून एखादी पाखाडी मिळते. अशा वाडीला 'तुम्हाला मोफत रस्ता देतो' असे सांगितले तर नाही कोण म्हणेल? जिथे रस्ता नाही तिथे गरोदर बाईला डोलीतून न्यावे लागते. गरज इतकी मोठी असते की रस्त्याच्या पोटात काय आहे हे विचारण्याची चैन परवडत नाही. प्रयोगासाठी गरिबाची वस्ती निवडली जाते ती अशी. जबरदस्तीने नव्हे, उपकार म्हणून. आणि हाच प्रकार करंबवण्याच्या भोईवाडीत, वेलदूरच्या मोहल्ल्यातही होऊ शकतो. हा केवळ एका जातीचा प्रश्न नाही. जो गावाच्या कडेला राहतो, त्या प्रत्येकाचा आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एक तरतूद लक्षात ठेवावी. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. इजा, अपमान किंवा त्रास देण्याच्या हेतूने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाच्या शेजारात टाकाऊ किंवा घृणास्पद पदार्थ टाकणे हा कलम ३ खाली गुन्हा आहे. यात हेतू सिद्ध करावा लागतो, म्हणून ऊठसूट प्रत्येक ठेकेदारावर हे कलम लागणार नाही. पण गाळ विषारी असल्याचा अहवाल हातात असताना, इतर जागा उपलब्ध असताना आणि वस्तीने लेखी हरकत घेतलेली असताना तो तिथेच टाकला, तर हेतूचा प्रश्न न्यायालयात विचारता येईल. म्हणून तोंडी तक्रार करू नका. लेखी करा, पोच घ्या, तारीख ठेवा.

या सर्वाला बाबासाहेबांच्या विचाराची एक बाजू आहे, जी आपल्याही लोकांना फारशी माहीत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला तो त्याच कारकिर्दीत. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही त्याच काळातली. नदी ही एकट्या पुराची, एकट्या विजेची किंवा एकट्या जहाजाची नसते. पूर, वीज, सिंचन, वाहतूक यांचा एकत्र विचार करून तिचा लाभ सामान्य माणसापर्यंत पोहोचला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. वाशिष्ठीवर आज याच्या उलट चालले आहे. पुराचा गाळ जलसंपदा विभागाचा, वाळू महसूल विभागाची, बंदराचा मार्ग सागरी मंडळाचा, सांडपाणी प्रदूषण मंडळाचे, रस्ता बांधकाम विभागाचा. नदी एक आणि मालक पाच. आणि मासा मेला की पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवतात.

म्हणून चळवळीने या प्रश्नावर ठोस मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. पहिली मागणी, उपसलेल्या गाळाच्या जमिनीवरील वापरासाठी स्वतंत्र नियम करावेत आणि त्यात नदीचा गाळ, मुखाची वाळू आणि खाडीचा चिखल यांचे वेगळे वर्ग पाडावेत. दुसरी, नमुने केवळ पृष्ठभागावरून न घेता खोलीवरून, गोवळकोट, करंबवणे आणि दाभोळ अशा ठिकठिकाणी, ग्रामसभेच्या प्रतिनिधींसमोर घ्यावेत आणि अहवाल माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे स्वतःहून, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. तिसरी, लोटेमध्ये जी रसायने बनतात त्या प्रत्येकाची चाचणी व्हावी, अनुसूचीत असो वा नसो. चौथी, पहिला रस्ता बंदराच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या आवारात बांधावा, त्याच्या कडेच्या पाण्याची किमान दोन पावसाळे तपासणी व्हावी, आणि मगच गावाकडे यावे. पाचवी, विहीर, पऱ्या आणि भातशेतीपासून किती अंतर ठेवायचे हे नियमात लिहावे. सहावी, प्रक्रियेचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने आणि खोल मार्गाचा लाभ घेणाऱ्याने द्यावा. सातवी, प्रत्येक डंपरचे वजन, वाट आणि शेवटचे ठिकाण यांचा हिशेब खुला असावा. आणि आठवी, हे काम निघालेच तर त्यातला रोजगार खाडीने ज्यांची उपजीविका गमावली त्या मच्छीमारांना आणि हातपाटीच्या मजुरांना आधी मिळावा, हातमोजे, बूट आणि वैद्यकीय तपासणीसह. चिखलात पाय घालणारा माणूस हा या योजनेतला सर्वांत पहिला बाधित आहे, हे कोणत्याही प्रकल्प अहवालात लिहिलेले नसते.

काही जण म्हणतील, इतक्या अटी घातल्या तर विकास कसा होणार? दाभोळच्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. १९९३ साली वीज खरेदीचा करार झाला तेव्हाही शंका घेणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हटले गेले. गावकऱ्यांवर लाठ्या चालल्या, अटका झाल्या. १९९९ साली वीज सुरू झाली, २००१ साली मंडळाने ती महाग म्हणून घेणे थांबवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. बुडालेला पैसा बँकांचा, म्हणजे जनतेचा होता. त्या वेळी प्रश्न विचारणारे बरोबर होते, हे नंतर सर्वांनी मान्य केले. पण नंतर मान्य करून खाडी परत मिळत नाही.

गाळाचा रस्ता चांगला होऊ शकतो. त्याने डोंगर वाचू शकतो, पूर कमी होऊ शकतो, वाडीपर्यंत रुग्णवाहिका जाऊ शकते. हे सगळे आपल्याला हवेच आहे, आणि ते हक्काने हवे आहे. हक्काने मिळालेल्या रस्त्याचा मोजमाप-वहीत हिशेब असतो, चाचणीचा अहवाल असतो, जबाबदार अधिकाऱ्याची सही असते. उपकार म्हणून मिळालेल्या रस्त्याला यातले काहीच नसते. येत्या ग्रामसभेत कोणी खाडीच्या गाळाचा विषय काढला, तर हात वर करण्याआधी तीन कागद मागा: नमुना कुठला, चाचणी कशाची, आणि खर्च कोणाचा. हे तीन कागद मिळेपर्यंत ना हरकत दाखल्यावर एकही सही होऊ देऊ नका.